गाडी लागते म्हणून घेतलेली गोळी

ऊन लागतं, थंडी लागते, नजर लागते, तशी आपल्याकडे गाडी लागते. 'मोशन सिकनेस' हा शब्द डॉक्टरांना पाठ करावा लागतो. 'हिला गाडी लागते हो' हे वाक्य भोर-वेल्ह्याकडच्या कुठल्याही आईला पाठ करावं लागत नाही. ती ते एसटीत चढतानाच कंडक्टरला सांगते आणि खिडकीची जागा मागून घेते.

मी गेली बरीच वर्षं या भागात दवाखाना चालवते. आमचे रस्ते तुम्हाला ठाऊक असतील. पुण्याहून कापूरहोळपर्यंत सगळं सरळ असतं. तिथून भोर, भोरहून पुढे नीरा देवघर धरणाच्या कडेकडेने हिर्डोशी आणि मग वरंधा घाटातून महाड. दुसरीकडे चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्हे, नाहीतर खानापूरकडून पाबे घाट चढून वेल्हे. मांढरदेवीला जाणाऱ्यांसाठी आंबाड्याकडचा घाट वेगळाच. (राज्य सरकारने २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. पण पेशंट अजून 'वेल्ह्यावरून आलो' असंच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.) असा वळणांचा मुलूख असल्यावर गाडी लागणारी माणसं भरपूर, आणि म्हणून गोळ्याही भरपूर. किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर 'उलटीची गोळी' म्हटलं की हातात काहीतरी पडतं. ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, हे सांगण्यासाठी आजचं बोलणं आहे.

आधी गाडी लागते म्हणजे काय होतं ते पाहू. आपल्या प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्रणेला लागून, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत पाणी असतं. डोकं हललं की ते पाणी हलतं आणि मेंदूला कळतं की आपण फिरतोय, वळतोय. गाडी वळण घेते तेव्हा कान सांगतो, 'आपण फिरतोय.' पण मुलगा मागच्या सीटवर मान खाली घालून मोबाइल बघत असेल, तर डोळे सांगतात, 'छे, आपण तर एका जागी बसलोय.' दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळेनात की मेंदू गोंधळतो, आणि त्या गोंधळाचा राग पोटावर निघतो. ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी दिसतं आणि त्याचं अंग त्याप्रमाणे आधीच सावरतं. म्हणून पुढे बसा, दूर क्षितिजाकडे किंवा लांबच्या डोंगराकडे बघा, वाचू नका, मोबाइल ठेवून द्या, काच थोडी खाली करा, पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंब भरलेलंही नको. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक तोंडात ठेवल्याने काहींना बरं वाटतं. सर्वांना वाटतंच असं नाही, पण त्याने नुकसान नाही. सीटवर वर्तमानपत्र पसरून बसलं की उलटी होत नाही, असा एक जुना समज आमच्याकडे आहे. या पानाचा तेवढाच उपयोग कोणी करणार असेल तर माझी हरकत नाही, फक्त आधी वाचून घ्यावं.

एवढ्याने ज्यांचं भागतं त्यांनी गोळीच्या वाटेला जाऊ नये. ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठी पुढचं.

या गोळ्यांचा जन्म गमतीदार आहे. १९४७ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका बाईला अंगावर पित्त उठण्यासाठी एक नवं औषध दिलं जात होतं. तिला ट्राम लागायची. औषध घेतलं त्या दिवशी ट्राम लागली नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ते डॉक्टरांना सांगितलं. मग लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर या दोन डॉक्टरांनी सैनिकांना घेऊन अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावर त्याची चाचणी घेतली. ते औषध म्हणजे डायमेनहायड्रिनेट. आपल्याकडे जास्त खपणारी अ‍ॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन, त्याच घराण्यातली. सर्दीच्या आणि अंगाला खाज सुटण्याच्या जुन्या गोळ्यांचं हे घराणं. हे नातं लक्षात ठेवायला हवं, कारण सर्दीची गोळी घेतल्यावर जी झोप येते, तीच झोप इथेही येते. सकाळी सर्दीची गोळी, दुपारी खोकल्याचं औषध आणि संध्याकाळी प्रवासाची गोळी घेतली, तर तीन वेगवेगळी औषधं घेतली असं वाटतं. शरीराच्या हिशोबी मात्र एकच औषध तीनदा गेलेलं असतं. वर झोपेची किंवा मनाच्या आजाराची गोळी चालू असेल, किंवा दारू पोटात असेल, तर हा हिशोब गुंगीवर थांबत नाही, श्वासही मंदावू शकतो.

आता वेळेची गोष्ट. बहुतेक जण मळमळ सुरू झाली की गोळी तोंडात टाकतात. त्या वेळी पोटाचं काम मंदावलेलं असतं, गोळी आतड्यापर्यंत उतरतच नाही आणि बऱ्याचदा पुढच्या वळणावर बाहेर पडते. मग 'गुण आला नाही' म्हणून दुसरी घेतली जाते. प्रोमेथाझिनची गोळी प्रवासाच्या आधी एक ते दोन तास, किंवा मोठा प्रवास पहाटेचा असेल तर आदल्या रात्री झोपताना घ्यायची असते. सिनारिझिन दोन तास आधी, डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधी. म्हणजे स्वारगेटला बस सुटताना घेतलेल्या गोळीचा अंमल अंगावर चढेपर्यंत तुम्ही भोर स्टँडला उतरलेले असता.

आणि खरा धोका तिथेच आहे. आमच्याकडे अनेक तरुण पुण्यात कामाला जातात. मोटारसायकल चेलाडी फाट्यावर किंवा कापूरहोळला कुणाच्या तरी दारात लावलेली असते. रात्री पुण्याहून एसटीने यायचं, फाट्यावर उतरायचं आणि गाडीला किक मारून गावाकडे सुटायचं. एसटी लागू नये म्हणून घेतलेली गोळी मोटारसायकल चालवताना अंमल करते. अंधार, वळणं, मध्येच आडवी येणारी गुरं, आणि डोळ्यांवर औषधाची झापड. 'मला झोप येत नाही हो त्या गोळीने' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. झोप आली नाही तरी ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ वाढलेला असतो, आणि तो ज्याचा त्याला कळत नाही. प्रोमेथाझिनचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रेंगाळू शकतो. म्हणून नियम साधा ठेवा: या गोळ्या प्रवाशाने घ्यायच्या, चालवणाऱ्याने नाही. त्या दिवशी कडबाकुट्टी, भात झोडायचं यंत्र, विहिरीच्या काठावरचं काम हेही दुसऱ्यावर सोपवा.

हेच मी पावसाळ्यात पुण्याहून तोरण्याला, राजगडाला येणाऱ्या पोरांना सांगते. पहाटे गोळी घेऊन पाबे घाटातून यायचं आणि दोन तासांनी तोरणा चढायला लागायचं. तोरणा १४०३ मीटर उंच, वाटेत ओला कातळ आणि कड्यालगतची चिंचोळी वाट. राजगडाच्या बालेकिल्ल्याची चढण तर हातापायांनी चढायची. तिथे अर्धवट जागं अंग घेऊन जाणं बरं नाही. उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, घामही कमी येतो, आणि घाम आला नाही की अंग तापतं. गाडी लागतच असेल तर आदल्या दिवशी पायथ्याच्या गावात मुक्कामाला यावं, गोळीचा अंमल झोपेत घालवावा आणि सकाळी चढावं.

लहान मुलांबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रोमेथाझिन कुठल्याही रूपात द्यायचं नाही, गोळी नाही आणि सिरपही नाही. श्वास मंदावून बाळं दगावल्याचे प्रकार घडल्यामुळे २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे 'प्रवासात रडू नये, शांत झोपावं' म्हणून एक चमचा सिरप पाजणारी घरं मी बघितली आहेत. गंमत अशी, की एवढ्या लहान बाळांना गाडी सहसा लागतच नाही. ती साधारण दोन वर्षांनंतर लागू लागते, शाळेच्या वयात सर्वांत जास्त असते आणि पुढे बऱ्याच जणांची कमी होते. मोठ्या मुलांनाही गोळीचा तुकडा अंदाजाने मोडून देऊ नका. वय आणि वजन सांगून डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि सिरप घरातल्या चमच्याने न देता बाटलीबरोबरच्या मापाने द्या. काही मुलं या औषधाने झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, बडबडतात. अशा वेळी दुसरा डोस देऊ नये. शाळेच्या सहलीला बाईंनी किंवा सरांनी सगळ्या वर्गाला एकाच पट्टीतून गोळ्या वाटायचा प्रकारही थांबायला हवा. ज्याच्या पालकांनी लिहून दिलंय त्यालाच, लिहिलंय तेवढंच.

आता चक्कर. या एका शब्दात आपण चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबतो, आणि सगळ्यांचं खापर पित्तावर फोडतो. घर गोल फिरल्यासारखं वाटणं ही एक, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही दुसरी, चालताना तोल जाणं ही तिसरी. गोळी यांतल्या पहिलीवरच थोडीफार चालते. अंधारी येण्यामागे रक्त कमी असणं, रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस जास्त होणं, मधुमेहात साखर उतरणं, उन्हात पाणी न पिणं अशी कारणं असतात. भातावर औषध फवारून आल्यावर गरगरत असेल, लाळ सुटत असेल, घाम फुटत असेल, तर तो विषाचा परिणाम आहे. तिथे चक्करेची गोळी देऊन वाट बघत बसलात तर जीव जाईल. कपडे उतरवून, अंग साबणाने धुऊन माणसाला थेट दवाखान्यात न्या.

घर फिरण्याची जी चक्कर आहे, तिचं सर्वांत नेहमीचं कारण कानातच असतं. कानाच्या आत चुन्यासारखे बारीक खडे असतात. ते आपल्या जागेवरून सुटून त्या पाण्याच्या नळीत शिरले, की कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना किंवा लावणी करून सरळ होताना अर्धा-एक मिनिट जग गरगर फिरतं आणि थांबतं. या चक्करेवर गोळीने खडे जागेवर जात नाहीत. अमेरिकेतले कानाचे डॉक्टर जॉन एप्ली यांनी १९८० च्या सुमारास एक पद्धत शोधली. पेशंटला पलंगावर विशिष्ट क्रमाने निजवून, मान वळवून खडे पुन्हा जागेवर आणायचे. सुरुवातीला त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांची टिंगलच केली. आज जगभर कानाचे डॉक्टर तेच करतात आणि अनेकांची चक्कर एका बैठकीत जाते. पाच मिनिटांचं काम असताना लोक महिनोन्‌महिने गोळ्या खात बसतात, याचं मला वाईट वाटतं.

त्या गोळ्यांत स्टेमेटिल, म्हणजे प्रोक्लोरपेराझिन, हे मोठं नाव. अचानक आलेली जोराची चक्कर आणि उलट्या थांबवायला ते चांगलं औषध आहे, पण दोन-तीन दिवसांपुरतं. कानाचं संतुलन बिघडलं की मेंदू हळूहळू स्वतःच जुळवून घ्यायला शिकतो. गोळी चालूच ठेवली तर तो शिकत नाही, आणि चक्कर उलट रेंगाळते. या औषधाचे दोन त्रास आपल्या वाचकांनी नीट ओळखायला हवेत.

पहिला तरुणांमध्ये दिसतो. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आणली होती. मान एका बाजूला पिळलेली, डोळे वर चढलेले, जबडा घट्ट, बोलता येईना. घरच्यांनी लिंबू उतरवून टाकलं होतं आणि देवऋषाकडे न्यायचं चाललं होतं. एका काकांनी येताना तिच्या उशाची पट्टी बरोबर आणली, तेवढ्याने निदान झालं. आदल्या दिवशी उलट्यांसाठी तिने या गोळ्या घेतल्या होत्या. एका इंजेक्शनने काही मिनिटांत मान सरळ झाली. गंमत म्हणजे अशा वेळी जी इंजेक्शनं वापरतात, त्यांत प्रोमेथाझिनही आहे. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनेही असंच होऊ शकतं. तेव्हा उलटीचं औषध घेतल्यावर कोणाची मान वाकडी झाली, तर ते बाहेरचं काही नाही. पट्टी घ्या आणि दवाखाना गाठा.

दुसरा त्रास म्हाताऱ्या माणसांना होतो आणि तो इतका सावकाश येतो की कोणाला दिसत नाही. वेल्ह्याच्या बाजूच्या एक आजी आल्या होत्या. हात थरथरत होते, चाल बारीक पावलांची, चेहरा निर्विकार, चहा बशीत सांडायचा. 'कंपवात झालाय' असं घरात ठरलं होतं. वर्षापूर्वी एकदा चक्कर आली, तेव्हा आठ दिवसांसाठी दिलेली सिनारिझिनची गोळी मुलगा दर महिन्याला पुण्याहून आणत होता, कारण 'आईला बरं वाटतंय'. सिनारिझिन, त्याचं भावंड फ्लुनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन ही तिन्ही औषधं दीर्घकाळ घेतली की कंपवातासारखी लक्षणं आणतात. गोळी बंद केली. लगेच काही झालं नाही. चार महिन्यांनी त्या स्वतः भाकरी थापत होत्या. सगळ्यांचं एवढं चांगलं होतंच असं नाही, काहींचा कंप थोडा राहतो. घरातल्या वयस्कर माणसाचे हात नव्याने थरथरू लागले, तर त्याच्या गोळ्यांचा डबा आधी डॉक्टरांपुढे उलटा करा. पण जुनी चालू गोळी स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारूनच कमी करा.

वयस्करांसाठी आणखी थोडं. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या माणसाची लघवी अ‍ॅव्होमिनसारख्या गोळीने अडू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला दाब एकदम वाढतो. गोळी घेऊन रात्री अंधारात परसाकडे जायला उठताना पडून खुबा मोडणं, हे तर नेहमीचं. बेटाहिस्टिन, म्हणजे व्हर्टिनसारख्या गोळीने झोप येत नाही, म्हणून ती हल्ली सरसकट लिहिली जाते. दमा आणि पोटातला अल्सर असणाऱ्यांनी ती विचारून घ्यावी. गाडी लागण्यावर तिचा उपयोग नाही. आणि ज्या कानाच्या आजारासाठी ती मुख्यतः देतात, त्या मेनिएर आजारातही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. गरोदर बायकांनी आणि अंगावर पाजणाऱ्यांनी यांतलं काहीच न विचारता घेऊ नये. माहेरी जायचा प्रवास असला तरी.

एक सूचना धोतऱ्याबद्दल. कोणीतरी कधीतरी वाचलेलं असतं की गाडी लागण्यावरचं हायोसिन हे औषध धोतऱ्याच्या जातीच्या झाडांत असतं. ते खरं आहे. पण झाडातलं प्रमाण पानागणिक, बीगणिक बदलतं, आणि औषध व विष यांत तिथे चिमटीचंही अंतर नाही. धोतरा महादेवाला वाहावा, तोंडात घालू नये.

चक्करेबरोबर एकाच्या दोन वस्तू दिसल्या, जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, उभंच राहता येईना, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं किंवा छातीत दुखलं, तर गोळी शोधू नका. तो मेंदूचा किंवा हृदयाचा झटका असू शकतो. १०८ ला फोन करा. आमच्याकडे काही वाड्यांवर मोबाइलची रेंज टेकाडावर जाऊन मिळते, तेव्हा एकाने फोनसाठी धावावं आणि दुसऱ्याने पेशंटजवळ थांबून चक्कर किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावं. मोठ्या रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारतात. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तरी त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.

औषध दुकानात दोनच गोळ्या मागितल्या की दुकानदार पट्टी कात्रीने कापतो. नाव एका तुकड्यावर राहतं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर, आणि तुमच्या हातात येतो बिननावाचा तुकडा. सहा महिन्यांनी तोच तुकडा पिशवीच्या तळाशी सापडतो आणि उलटीची असेल म्हणून घाटात कोणाच्या तरी तोंडात जातो. दुकानदाराला सांगा, नाव आणि तारीख असलेल्या बाजूने कापून द्या. देत नसेल तर पूर्ण पट्टी घ्या, तिच्यावर पेनने 'प्रवासाची, आईची' असं लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.